आवाज विकलेली आत्या

आमच्या आत्यानं आपला आवाज बस स्टँडला विकला, असं आमच्या भागात लोक छातीठोकपणे सांगतात. विकला म्हणजे रीतसर, सही-अंगठा करून. म्हणून स्टँडवर अजून तिचा आवाज घुमतो आणि बाई स्वतः मात्र तोंड उघडत नाही. उघडलंच तर स्टँडवाले दावा ठोकतील. आमचा इस्त्रीवाला तर याच्याही पुढे जातो. गरम इस्त्री हवेत धरून, मान वाकडी करून तो सांगतो, "गळ्यातली एक शीर काढून घेतात, बरं का. मग माणूस नुसती हवा सोडतो. फुस्स. मी बघितलंय ना, रोज सकाळी इथून जातात. मी म्हणतो, काय ताई, बरं आहे ना? त्या नुसती मान हलवतात. डोळ्यांत काय दुःख असतं!"

डोळ्यांत दुःख नसतं. डोळ्यांत झोप असते. आत्याला सकाळी लवकर निघावं लागतं, एवढंच.

आता खरं काय ते मी सांगते, कारण मी तिची भाची आहे, एकाच घरात राहते, आणि तिचा आवाज काढण्यात माझा हात, म्हणजे माझं तोंड, कुणी धरू शकत नाही. आत्या बरीच वर्षं बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. काचेच्या खोक्यात बसून, माइकला नाक टेकवून. पुढे तिथं मशीन आलं. साहेबांनी तिला एका दुपारी बसवून सगळ्या गावांची नावं आणि सगळे आकडे म्हणून घेतले, वर एक कप चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून पार्सलच्या खिडकीत बसवलं. झाली विक्री. चहासुद्धा गार होता, असं ती अजून ऐकवते.

आणि ती बोलत नाही हे तर इतकं धादांत खोटं आहे, की आमच्या घरी ते कुणी ऐकलं तर बाबा हसून हसून खुर्चीतून पडतील. आत्या घरी बोलते. भरपूर बोलते. आणि जे बोलते ते दोनदा बोलते, कारण घोषणा दोनदा करायची असते. "जेवण वाढलेलं आहे. जेवण वाढलेलं आहे. हात न धुतलेल्या मंडळींनी कृपया बेसिनकडे जावं." आमचे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते रोज अंघोळीला उशीर करतात. मग बाथरूमच्या दाराबाहेर तोच संथ, गोड आवाज: "बाथरूममधली गाडी आपल्या नियोजित वेळेपेक्षा उशिरानं सुटत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल भाऊ दिलगीर नाहीत. भाऊ दिलगीर नाहीत." आतून बाबा ओरडतात, "ताई, साबण डोळ्यांत गेला ना!"

मग रस्त्यात ती गप्प का? तर तिच्या नोकरीमुळे.

पार्सलच्या खिडकीत एक दिवस एक खोकं आलं. वर लिहिलेलं, चपला. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे चपला कितीही नव्या असल्या तरी आतून चिवचिवत नाहीत. तिनं दोरी कापली. आत पोपटांची पिल्लं होती. धड पिसंही न फुटलेली, एकमेकांवर रचलेली, बाजारात पाळायला म्हणून विकायला चाललेली. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गुपचूप पोलिसांना फोन. आमच्या आत्यानं काय केलं? वीस पावलांवर तिचा जुना माइक होता. ती काचेच्या खोक्यात शिरली, मशीन बंद केलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकवलं: "पोपटाची पिल्लं भरलेलं खोकं पाठवणाऱ्या प्रवाशानं त्वरित पार्सल खिडकीशी संपर्क साधावा. त्वरित संपर्क साधावा."

त्या प्रवाशानं त्वरित धूम ठोकली.

पुढे वनखात्याचा माणूस आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "बाई, चोराला लाउडस्पीकरवरून कळवलंत तुम्ही! निदान चहा तरी पिऊन जा म्हणायचं होतं त्याला." यावरून घरात तिला अजून चिडवतात. तिचं उत्तर ठरलेलं आहे: "सामान सापडलं की घोषणा करायची, हा नियम आहे. हा नियम आहे." पण त्या दिवशी जीपमध्ये ते किंचाळणारं खोकं मांडीवर घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून ती बसली. गावाबाहेरच्या केंद्रात पोचली. अशा, घराघरातून आणि बाजारातून सोडवून आणलेल्या रानटी प्राण्यांना तिथं परत रानटी करतात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात एक बारीक सिरिंज दिली, पिल्लांना भरवायला. आत्या जी तिथं बसली ती उठलीच नाही. महिन्याभरात पार्सलची खिडकी सुटली.

आणि त्या केंद्राचा पहिला नियम: मागच्या आवारात माणसाचा शब्द नाही. एकही नाही.

कारण सरळ आहे. माणसाच्या आवाजाला जो पक्षी सरावला, तो बाहेर सोडल्यावर माणसाच्याच खांद्यावर जाऊन बसतो, आणि माणूस त्याला परत पिंजऱ्यात घालतो. म्हणून तिथं सगळे करड्या रंगाचे ढगळ झगे घालतात, डोक्यावर टोपी, तोंडाला फडकं. खाणं पडद्याआडून सरकवायचं. माकडाच्या पिल्लाला बाटली द्यायची तीही भिंतीच्या भोकातून, म्हणजे दूध भिंत देते असं त्याला वाटावं. दोन कर्मचारी एकमेकांशी बोलतात ते बोटांनी. पंखा बंद केल्यावरही जरा वेळ फिरतो ना, तसं आपलं तोंड आहे, असं आत्याचं म्हणणं. "आधीपासून बंद करत आणावं लागतं." म्हणून ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचली की तोंड मिटते, ते संध्याकाळी परत गल्लीत शिरेपर्यंत. इस्त्रीवाल्याला दिसते ती ही आत्या. फुस्स.

मला त्या मागच्या आवारात कायमची बंदी होती. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे, तर पुढच्या स्वयंपाकघराच्या पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती. आत्या मला टकळी म्हणते. "टकळे, तुझी जीभ झोपेतसुद्धा चालू असते. तू इथं बस आणि पेरू काप." मी कापायचे, आणि डॉक्टरीणबाई चहाला आल्या की त्यांच्यासमोर त्यांचाच आवाज काढायचे. त्यांना कायम घाई, त्यामुळे वाक्याचा शेवट त्या खाऊनच टाकतात. "ताई, कासवांना ऊन दाखवल... आणि त्या माकडाचं वजन बघितल... बरं, मी येत्..." त्या स्वतःच खो खो हसायच्या. कासवांची एक रांग बाहेर उन्हात असायची. त्यांतल्या एकाच्या पाठीवर कुणीतरी नेलपॉलिशनं फुलं काढली होती. फुलांसकट ते गंभीरपणे कोबी खात असायचं. त्याच्याकडे बघून माझीही टकळी क्षणभर थांबायची.

आता घड्याळवाले काका.

आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, पलंगाएवढं. एका डोळ्याला भिंग चिकटवलेलं असतं, त्यामुळे तो डोळा मिचकावलेला आणि तोंड त्याच बाजूला ओढलेलं. आवाज निघतो तो अर्धा नाकातून. दारात पाऊल पडलं, की मान वर न करता, "कोऽऽण आलं रे?" आणि लगेच, "दार लाव आधी! धूळ येते!" उघड्या घड्याळात धूळ गेली की संपलं, म्हणून. हा आवाज मी शाळेत इतका काढलाय, की आमच्या वर्गात दार उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी घड्याळवाला होतंच.

त्यांच्याकडे पोपट होता. बाजारातल्या एकानं, 'हा पाळीव जातीचाच आहे, रानात जगत नाही,' असं सांगून बुटाच्या खोक्यातून विकलेला. तशी काही जात नसते, हे काकांना कोण सांगणार? काकू गेल्यानंतर त्यांनी तो आणला, आणि जीव लावला. घड्याळाच्या चिमट्यानं डाळिंबाचा एकेक दाणा भरवायचे. आणि ज्या कात्रीनं पट्टे कापायचे, तिनंच त्याची पिसं छाटायचे. उडून कुठं आपटू नये म्हणून. पोपट दिवसभर काकांच्याच नाकातून ओरडायचा, "दार लाव आधी!" गिऱ्हाईक दचकून दार लावायचं, मग कळायचं की ओरडला तो पोपट.

आत्या एकदा तिथं पट्टा बदलायला गेली. मी बरोबर होते. पोपटाला बघून तिचा चेहरा उतरला. पट्टा राहिला बाजूला.

"काका, तुम्ही याची पिसं कापता?"

"मग? पंखा आहे वर. एकदा उडाला असता तर?"

"तो उडायलाच आहे ना पण."

"ताई, याला उडता येत नाही हो. कधी उडालेलाच नाही."

"तुम्ही कापता म्हणून."

भांडण झालं नाही. आत्या पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी तिथं जाऊन स्टुलावर बसायची. कायदा काय आहे तेही तिनं सांगितलं, पण पोलिसांना कळवलं नाही. माइकवरून तर नाहीच नाही. एका संध्याकाळी काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्यांचे दोन्ही डोळे सारखे आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"नेताय तर न्या," ते म्हणाले. "पण ताई, एका पिंजऱ्यातून काढून दुसऱ्या पिंजऱ्यात टाकणार असाल, तर माझा काय वाईट होता? निदान इथं त्याला बोलायला कुणी आहे."

आत्या उभी राहिली. स्टँडवरच्या आवाजात, शांतपणे, म्हणाली, "तो उडेल. तो उडेल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आत्या, आणि नाही उडाला तर?"

"एकदा घोषणा केलेली गाडी मी कधी रद्द केली नाही, टकळे."

"मग त्या घाटातल्या गाडीचं काय? बाबा सांगत होते..."

"ती साहेबांनी रद्द केली. गप्प बस."

केंद्रात प्राण्यांना नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे. पायात कडी घालतात, तेवढीच ओळख. पण मी काही तिथली कर्मचारी नाही. मी त्याचं नाव ठेवलं दारलाव्या.

दारलाव्यानं मागच्या आवारात गोंधळ घातला. तिथं एक लांबच लांब जाळीचा पिंजरा आहे, पोपटांना उडण्याची सवय करायला. त्या खोक्यातली पिल्लं तोवर मोठी होऊन त्यात सुसाट सुटायची. माणूस दिसला की किंचाळून पार पलीकडच्या टोकाला. आणि हे आमचे साहेब जमिनीवर तुरुतुरु चालत दाराशी यायचे आणि झगा घातलेल्या आत्याला बजावायचे, "कोऽऽण आलं रे? दार लाव आधी!" जिथं वर्षानुवर्षं कुणी ब्र काढला नव्हता तिथं हा नाकातला आवाज! डॉक्टरीणबाई तोंडावर फडकं असूनही तोंड दाबून स्वयंपाकघरात पळत आल्या आणि ओट्याला धरून हसल्या. हसून झाल्यावर मात्र गंभीर झाल्या.

"ताई, खरं सांगू? अवघड आह... पिसं येतील नवी. पण हा माणसाळलेला आहे पार. बाकीचा थवा तयार झाला की मी दार उघडणार. तोवर हा माणसाच्या हाकेला यायचा थांबला नाही, तर त्याला नाही सोडता येण... बाहेर पहिल्या खिडकीतच पकडतील. मग कायमच्या पिंजऱ्यात."

कायमचा पिंजरा पलीकडे होता. त्यात एक पाय मोडलेली घार आणि एक आंधळं घुबड. आत्यानं तिकडे एकदा बघितलं आणि पेरू इतका बारीक चिरला की त्याची चटणी झाली.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत शिरल्या शिरल्या मी तोंड उघडलं. "आत्या, मी सांगते. दारलाव्या काही घड्याळवाल्यांना विसरणार नाही. इतका पक्का आवाज आहे तो. मी नकला करते, मला कळतं. एकदा बसलेला आवाज जात नाही."

"लाव पैज."

"लावली! काकांच्या आवाजात हाक मारली की तो येणारच. मी जिंकले तर तू आमच्या शाळेच्या कार्यक्रमात यायचं आणि माइकवरून स्टँडच्या आवाजात माझं नाव पुकारायचं. तीनदा."

"दोनदाच असतं."

"तीनदा!"

"बरं, तीनदा. आणि तू हरलीस तर एक अख्खा दिवस तोंड बंद. हूं नाही, चूं नाही, नकला नाहीत. कुठला दिवस ते मी ठरवणार."

बाबा वरच्या खिडकीतून ओरडले, "ताई, तूच जिंक! मी तुला काहीही देतो, पण तूच जिंक!" आपले सख्खे वडील, दुसरं काय.

घड्याळवाले काका दर सुट्टीला केंद्राच्या फाटकाशी यायचे. आत सोडायचे नाहीत, हे त्यांनाही माहीत. हातात पिशवीत डाळिंब. आत्या फाटकाशी यायची ती गप्प. ते विचारायचे, "सुटली का गाडी?" ती मान हलवायची, नाही. डाळिंब घ्यायची. ते जरा वेळ भिंतीकडे कान लावून उभे राहायचे आणि जायचे. डाळिंब पडद्याआडून जायचं, आता दाणे सोलून नाही, तर फांदीला टांगून, म्हणजे दारलाव्यानं चढून, लोंबकळून, कष्टानं खावं. आधी तो खाली बसून फांदीला ऐकवायचा, "दार लाव!" फांदी काही ऐकायची नाही. मग चढायला लागला.

पिसं आली. हिरवीगार, लांब. एक दिवस तो घाबरून उडाला, आपटला, परत उडाला. बाकीचे पोपट आधी त्याला टोचायचे, मग सरकून जागा द्यायला लागले. आणि त्याचे शब्द आटत गेले. आधी 'धूळ येते' गेलं. मग 'कोण आलं'. मी स्वयंपाकघरात कान लावून असायचे. शेवटी नुसतं 'दार' उरलं होतं, तेही कधीमधी. पैज हातातून निसटताना दिसायला लागली आणि मला पोपटाचा राग येईना, हे सगळ्यात वाईट.

मग ती शिंकांची भानगड.

मी पेरू कापत होते. मागून आत्याची शिंक ऐकू आली. आत्याची शिंक आमच्या घरात प्रसिद्ध आहे. आधी दोन बारीक 'अं, अं', मग दाबून धरलेली, चिमणीच्या आकाराची 'छिक्', आणि शेवटी एक 'हुं', म्हणजे झालं एकदाचं. शब्द नाही काढायचा म्हणून ती शिंकसुद्धा अशी घडी घालून शिंकते. परत शिंक. परत. एकामागून एक.

मी म्हटलं, "अरे देवा, आत्याला सर्दी झाली वाटतं."

"कुणाला?" आत्या माझ्या मागे उभी होती. हातात कोबी.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मागून परत आली: अं, अं, छिक्, हुं. मग दुसरी, जरा घोगरी. मग तिसरी. दाण्यांच्या टरफलांची धूळ आत्याच्या नाकात रोज जायची. रोज ती तिथं शिंकायची. शब्द सगळे अडवले होते बाईनं, पण शिंकेवर पहारा ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. दारलाव्यानं ती उचलली होती, आणि अख्ख्या थव्याला शिकवली होती.

"माझी शिंक अशी आहे?" आत्या दुखावलेल्या आवाजात म्हणाली.

"डिट्टो. 'हुं'सुद्धा."

"मी 'हुं' करत नाही."

मागून सात-आठ पोपट एका दमात: "हुं."

डॉक्टरीणबाई हसल्या नसत्या तर बरं झालं असतं. त्या इतक्या हसल्या की उचकी लागली. आत्या मात्र स्टुलावर बसली. "माझंच चुकलं. एवढं सांभाळलं, आणि मीच त्याला परत माणसाचं शिकवलं. आता सोडणार नाही ना तुम्ही त्याला?"

"अहो ताई, तो काय आवाज काढतो याच्याशी मला देणंघेणं नाह... रानात पोपट काय वाटेल ते आवाज काढतात. तो कुणाकडे जातो, ते बघायचंय मला. त्यासाठी एकच परीक्षा. त्याला सगळ्यात ओळखीचा जो आवाज आहे, त्यानं हाक मारायची."

"घड्याळवाल्यांना आणायचं?"

"नको. पोपट गेला त्यांच्याकडे, तर परत ताटातूट. आणि नाही गेला तर..." बाईंनी हे वाक्यही पूर्ण केलं नाही, पण या वेळी घाईमुळे नाही.

आत्यानं हळूच माझ्याकडे बघितलं. "आमच्या घरात एक घड्याळवाला आहे."

मागच्या आवारात मी पहिल्यांदा गेले ती अशी. अंगात झगा, डोक्यावर टोपी, तोंडाला फडकं, आणि गावातली मी एकटी माणूस जिला तिथं बोलायची परवानगी. दाराबाहेर आत्यानं मला थांबवलं.

"टकळे, मुद्दाम कच्चं करायचं नाही. मला कळेल."

"आत्या, पक्कं केलं आणि तो आला, तर पैज मी जिंकते, पण तो..."

"माहितेय मला. पण तू आज त्याचे लाड केलेस, तरी उद्या बाहेरचा खरा माणूस करणार नाही. सगळ्यात चांगलं कर. शाळेत करतेस त्याच्यापेक्षा चांगलं."

मी जाळीजवळच्या पडद्यामागे उभी राहिले. फटीतून दिसत होतं. थवा वरच्या फांदीवर, आणि त्यात दारलाव्या कुठला हे पायातल्या कडीवरून शोधावं लागलं, इतका तो त्यांच्यातला झाला होता. मी एक डोळा मिचकावला. भिंग चिकटवल्यासारखं तोंड एका बाजूला ओढलं. काकांचा आवाज नाकात येतो त्याच्या आधी ते एक बारीकसा श्वास घेतात, तोही घेतला.

"कोऽऽण आलं रे?"

सगळा थवा किंचाळत उडाला. दारलाव्या एकटा बसून राहिला. मान तिरकी केली. माझ्या बाजूला आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

"ये, ये. दार लाव आधी! धूळ येते!"

देवाशप्पथ सांगते, काका स्वतः एवढं चांगलं बोलत नाहीत. दारलाव्या फांदीवर दोन पावलं आमच्या बाजूला सरकला. आणखी एक. चोच उघडली. आता येणार 'दार', आणि मग तो स्वतः.

"अं, अं, छिक्," तो म्हणाला. "हुं."

आणि भुर्रकन पलीकडच्या टोकाला, थव्यात. मी आणखी हाका मारल्या, आवाज बदलून, लाडानं, रागानं, डॉक्टरीणबाई हातानं 'पुरे' म्हणेपर्यंत. त्यानं वळूनही बघितलं नाही. आत्यानं माझा दंड सोडला. तिला 'जिंकले' ओरडायचं होतं, चेहराभर दिसत होतं, पण ओरडायची सोय नव्हती. म्हणून तिनं दोन्ही हात वर केले आणि करड्या झग्यात एकटीच, आवाज न करता नाचली. ती नक्कल मी अजून बसवतेय.

थवा सोडला त्या सकाळी मी फाटकाबाहेर होते. छताची जाळी सरकवली. पोपट एकदम गेले नाहीत. दोन गेले, परत आले, मग सगळे. हिरवी चादर झटकावी तसे. झाडांवरून लांब कुठून तरी एक शिंक आली आणि मग काही नाही. आत्या गल्लीपर्यंत गप्प चालली. गल्लीत शिरली तरी गप्पच. घराच्या पायरीवर बसून मग म्हणाली, "टकळे, तुझा दिवस मी ठरवलाय. उद्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड मिटून मी तिच्याबरोबर निघाले. इस्त्रीवाल्यानं हाक मारली, मी नुसती मान हलवली. त्यानं इस्त्री खालीच ठेवली. "हिचापण?" त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

आत्या सरळ घड्याळवाल्यांच्या दुकानात शिरली. तिनं दार लावलं. काकांनी मान वर केली.

"सुटली गाडी, काका. सुटली."

काकांनी चिमटा पुसायला घेतला. मग म्हणाले, "नीट उडाला?"

"नीट. थव्यात मधोमध."

"परत नाही येणार माणसाकडे? कुणी बोलावलं तर?"

"बघितलं ना बोलावून. तुमच्या आवाजात हाक मारली."

काकांचा हात थांबला. "माझ्या आवाजात?" त्यांनी भिंग काढलं. "माझ्या आवाजात, आणि तो आला नाही?"

आत्या दुसरीकडेच बघायला लागली. भिंतीवरची घड्याळं, सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

"हिनं मारली हो हाक. नक्कल म्हणजे... काय सांगू तुम्हाला. अगदीच सुमार. अगदीच सुमार."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. तोंड उघडलं. आत्यानं नुसती भुवई वर केली. मी तोंड मिटलं.

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन आलं. "तरीच!" ते म्हणाले. "तरीच म्हटलं! अगं पोरी, त्याला कळतं ना. खोटा माल त्याला लगेच कळतो. कशी केलीस, करून दाखव बघू?"

मी मान हलवली.

"आज तिचा आवाज बंद आहे," आत्या म्हणाली.

"घसा धरला असेल. म्हणूनच बिघडली असेल. हे बघ, ते असं असतं," आणि काकांनी बारीकसा श्वास घेतला, तोंड एका बाजूला ओढलं, आणि खुशीत, दुकान दणाणून टाकलं: "कोऽऽण आलं रे?"

माझं याच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. कुणालाही विचारा. आत्याला विचारा.

आम्ही निघालो. काका परत घड्याळावर वाकले होते. मागून आवाज आला, "दार लाव आधी, धूळ येते!"

मी लावलं. हूं की चूं न करता.